पाहुण्याचा पाहुणा

मराठी भाषेत ‘पोट’ हा शब्द केवळ भुकेपुरता राहिलेला नाही. भाडेकरूने आपल्या जागेतील एक कोपरा दुसऱ्यास दिला की तो दुसरा ‘पोटभाडेकरू’ होतो. कुळाने जमीन आणखी कोणास कसावयास दिली की ते ‘पोटकूळ’ होते. आणि नियमाच्या आश्रयाने ‘पोटनियम’ जन्मास येतो. या साध्या शब्दांच्या मुळाशी एक सूक्ष्म विचार आहे. जो स्वतः दुसऱ्याच्या आश्रयास आहे तोही तिसऱ्यास आश्रय देऊ शकतो. आणि तसे तो करतो तेव्हा त्याच्या ठायी दोन नाती एकाच वेळी नांदू लागतात. एका बाजूने पाहावे तर तो पाहुणा, दुसऱ्या बाजूने पाहावे तर यजमान. अशा दुहेरी नात्यात मनुष्याचे कर्तव्य कोणते, हा प्रश्न आपल्या समाजास नवा नाही. परंतु आजच्या संगणकविद्येने तो इतक्या रेखीव स्वरूपात मांडला आहे की, त्या आरशात आपला जुनाच चेहरा पुन्हा एकदा न्याहाळून पाहावा असे वाटते.

मुंबईहून सुरतेस जाताना, सचीन मागे पडल्यावर आणि उधना येण्यापूर्वी, भेस्तान नावाचे एक स्थानक लागते. सचीन, भेस्तान, पांडेसरा, उधना हा सारा पट्टा कापडाचा. खानदेशातून, म्हणजे धुळे, नंदुरबार, जळगाव या बाजूंनी, तापीकाठच्या रेल्वेने आलेली असंख्य मराठी कुटुंबे या पट्ट्यात व शेजारच्या लिंबायत, डिंडोली या वस्त्यांत स्थिरावली आहेत. येथील यंत्रमागाचा व्यवहार पुष्कळदा मजुरीवर विणण्याचा असतो. सूत व्यापाऱ्याचे, माग कारखानदाराचे, छप्पर तिसऱ्याच कोणाचे, आणि हात कामगाराचे. ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातून सुरतेस आलेल्या कामगारांच्या खाणावळींत तर निजावयाची जागाही पाळीने वाटलेली असते. दिवसपाळीचा मनुष्य कामावर निघाला की रात्रपाळीचा त्याच जागी अंग टाकतो. जागा एक, आणि तीवर आपापल्या वेळी ‘ही माझी’ म्हणणारे दोघे. घराच्या पोटात घर, आणि वेळेच्या पोटात वेळ, असा हा संसार आहे.

संगणकाची कथा अशाच अडचणीतून सुरू झाली. इसवी सनाच्या १९६० नंतरच्या दशकात एक संगणक म्हणजे एका मोठ्या दालनाचा पसारा आणि प्रचंड खर्च. तो एकाच मनुष्याने अडवून बसावे, हे कोणत्याही संस्थेस परवडणारे नव्हते. अमेरिकेतील केंब्रिज येथील आय. बी. एम.च्या शास्त्रीय केंद्राने यावर एक विलक्षण तोड काढली. एका यंत्राचे तुकडे वाटून देण्याऐवजी प्रत्येकास संपूर्ण यंत्राचा आभासच का देऊ नये? १९६७ साली त्यांची ‘सी. पी.-४०’ आणि पाठोपाठ ‘सी. पी.-६७’ ही प्रणाली चालू झाली. प्रत्येक वापरणारास वाटावे की सबंध संगणक आपलाच आहे; प्रत्यक्षात मात्र एक नियंत्रक अत्यंत त्वरेने एकाचे काम थांबवून दुसऱ्याचे करीत असे. अशा यंत्रास आज ‘व्हर्च्युअल मशीन’ म्हणजे आभासी यंत्र म्हणतात. नियंत्रक ज्या संगणकावर बसतो त्याला त्या धंद्यातील लोक ‘होस्ट’ म्हणतात, आणि आत चालणाऱ्या आभासी यंत्राला ‘गेस्ट’. म्हणजे एक यजमान, दुसरा पाहुणा. इंजिनियरांनी हे शब्द सोयीसाठी घेतले असतील. परंतु शब्द घेतला की त्याच्याबरोबर त्याचा धर्मही घरात येतो. आमच्या कोंकणीत पाहुण्यास ‘सोयरो’ म्हणतात, आणि मराठीत सोयरा म्हणजे नातलग. घरी आलेला मनुष्य आणि नात्याने बांधलेला मनुष्य यांस एकच शब्द वापरणारी भाषा आतिथ्याकडे कोणत्या दृष्टीने पाहते, हे निराळे सांगावयास नको.

एकदा पाहुण्यास संपूर्ण घर मिळाल्याचा आभास झाला की, त्यानेही आपल्या घरी पाहुणे बोलवावेत ही पुढची पायरी ओघानेच आली. आभासी यंत्राच्या आत नियंत्रक चालवावयाचा, आणि त्या नियंत्रकाच्या आश्रयाने आणखी एक आभासी यंत्र. आय. बी. एम.ने आपल्या ३७० मालिकेतील संगणकांसाठी आभासी स्मृतीची सोय १९७२ साली जाहीर केली. पण ते यंत्र हाती येण्यापूर्वीच केंब्रिजच्या मंडळींनी जुन्या यंत्रावर त्याची प्रतिकृती उभी करून तीत नवी प्रणाली चालवून पाहिली होती. त्या संगणकावर बाहेरचे विद्यार्थीही काम करीत असत. न झालेल्या यंत्राची वार्ता त्यांच्या कानी जाऊ नये, म्हणून ती प्रतिकृती एका आभासी यंत्राच्या पोटात ठेवण्यात आली. म्हणजे या युक्तीचे दोन मोठे उपयोग आरंभीच प्रकट झाले होते : जे अजून अस्तित्वात नाही त्याची रंगीत तालीम, आणि जे उघड करावयाचे नाही त्याचे रक्षण.

१९७४ साली जेरल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग या दोघांनी या व्यवहाराचे शास्त्र मांडले. यजमानाच्या ठिकाणी त्यांनी तीन गुण अपेक्षिले. पहिला असा की, पाहुण्यास जे जग दाखवावयाचे ते खऱ्या यंत्रासारखेच वागले पाहिजे. दुसरा, साधनसंपत्तीचा ताबा सदैव यजमानाकडेच राहिला पाहिजे. तिसरा, पाहुण्याची बहुतेक कामे मध्ये कोणाची लुडबूड न होता थेट यंत्रावर झाली पाहिजेत. सत्य, संयमन आणि अनाग्रह अशी नावे या तीन गुणांस दिली, तर एखाद्या धर्मग्रंथातील गृहस्थलक्षणे वाचतो आहोत असा भास व्हावा. कोणत्या अटींवर यजमानाच्या पोटात यजमान राहू शकेल, हेही त्यांनी त्याच लेखात सिद्ध केले. मात्र काळाच्या मोजमापास त्यांना या सिद्धांतातून वगळावे लागले. सर्व काही हुबेहूब दाखविता येते, पण मध्ये कोणीतरी आहे म्हणून लागणारा वेळ तेवढा झाकता येत नाही. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता कोणी विचारील, आज संगणक इतके स्वस्त झाले असता या पोटयंत्रांचा व्यवहारात उपयोग तो काय? उपयोग पुष्कळ आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई व चेन्नई येथे, अमेझॉनने २०१६ साली मुंबईत आणि गूगलने २०१७ साली मुंबईत आपली मोठी संगणककेंद्रे उघडली. तेथील यंत्र तासाच्या हिशेबाने भाड्याने मिळते, आणि ते बहुधा आभासीच असते. समजा, भेस्तानच्या एखाद्या मुलास संगणकजाळ्याची व्यवस्था शिकावयाची आहे. चार संगणक विकत घेण्याची त्याच्या घरची ऐपत नाही. पण एक आभासी यंत्र भाड्याने घेऊन त्याच्या पोटात तो चार लहान यंत्रे उभी करू शकतो. एकास पेढीचा हिशेबनीस करावे, एकास पहारेकरी, एकास टपालखाते, आणि चौथ्यास मुद्दाम बंद पाडून बाकीचे काय करतात ते पाहावे. सारे मोडले तरी कोणाचे काही बिघडत नाही. पुसून पुन्हा मांडावे. ज्या विद्येत एका चुकीने हजारो लोकांचे व्यवहार ठप्प होतात, ती विद्या चुकण्याची मुभा असलेल्या जागी शिकता यावी, हा उपकार लहान नव्हे.

दुसरा उपयोग नव्या यजमानाच्या परीक्षेचा. नियंत्रकाची नवी आवृत्ती एकदम खऱ्या यंत्रावर बसविली आणि ती फसली, तर तिच्या आश्रयाचे सारेच उघड्यावर येतात. म्हणून त्या नव्या यजमानास प्रथम पाहुणा करून पाहावे, हा मार्ग. तिसरा उपयोग माजघराचा. २०१५ पासून विंडोज प्रणालीत प्रवेशाची गुपिते एका निराळ्या, आभासीकरणाने वेगळ्या केलेल्या माजघरात ठेवण्याची सोय आली. ती प्रणाली स्वतःच भाड्याच्या आभासी यंत्रात राहत असेल, तर तिला हे माजघर बांधता यावे म्हणून बाहेरच्या यजमानाने परवानगी द्यावी लागते. चौथा उपयोग स्थलांतराचा. एखाद्या संस्थेचा सारा संगणकसंसार, आतील भिंती न हलविता, जसाच्या तसा परक्या यजमानाच्या अंगणात नेऊन ठेवता येतो. आपल्या वाचकांस यावरून मंगेशीची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. १५६० साली कुशस्थळीहून प्रियोळास श्रीमंगेशास हलविले, तेव्हा जागा बदलली, राज्य बदलले, पण देव, कुळे आणि सेवेचा क्रम तोच राहिला. वास्तू बदलूनही व्यवस्था टिकविता येते, हे ज्यांच्या पूर्वजांनी अनुभविले आहे त्यांस या उपयोगाचे मोल समजावून द्यावे लागत नाही.

यंत्राच्या पोटातील यंत्र प्रत्यक्षात चालते कसे, हे पाहिले म्हणजे नैतिक प्रश्नाचे खरे स्वरूप उघड होते. आज सर्वत्र वापरात असलेल्या संगणकांच्या मुख्य घटकात आभासी यंत्र चालविण्याची सोय इंटेलने २००५ साली आणि ए. एम. डी.ने २००६ साली केली. परंतु ती सोय एकाच पायरीची होती. ते यंत्र एकच यजमान ओळखते, तो म्हणजे सर्वांत बाहेरचा. मग मधला यजमान यजमानपण चालवितो कोठून? आय. बी. एम.च्या हायफा येथील संशोधकांनी २०१० साली याचे उत्तर प्रसिद्ध केले. आतल्या पाहुण्याने एखादी अवघड मागणी केली की, ती मधल्याकडे न जाता थेट बाहेरच्या यजमानाकडेच जाते. तो ओळखतो की हे घर मधल्याचे, पाहुणाही मधल्याचा. मग तो मधल्यास जागे करतो आणि मागणी जणू त्याच्याच दारी आली आहे अशा रीतीने त्याच्या हाती ठेवतो. मधला आपल्या समजुतीने ती पुरी करावयास लागतो; पण त्यासाठी त्याने उचललेले जवळजवळ प्रत्येक पाऊल पुन्हा बाहेरच्याकडेच येते, आणि तो ते निमूटपणे पार पाडतो. आतल्याची एक हाक, आणि तिच्यापायी कितीतरी फेऱ्या. इतके असूनही, नेहमीच्या कामांत एकेरी आभासी यंत्राच्या तुलनेने केवळ सहा ते आठ टक्के वेग कमी पडतो, असे त्या संशोधकांस आढळले. पुढे इंटेलने २०१३ साली या फेऱ्या कमी करणारी योजना यंत्रातच केली.

त्या प्रकल्पाचे नाव ‘टर्टल्स’, म्हणजे कासवे. पृथ्वी कासवावर, ते कासव दुसऱ्या कासवावर, आणि त्याखालीही कासवेच कासवे, अशी एक विनोदी कथा पाश्चात्यांत प्रचलित आहे. तिच्यावरून हे नाव घेतले गेले. तिच्या मुळाशी पृथ्वी तोलून धरणाऱ्या कूर्माची आपली कल्पना आहे, हे उघड आहे. पण त्या कथेत जो उपहास आहे तो आपल्या देवळात नाही. महाराष्ट्रातील कितीतरी देवळांत गाभाऱ्यासमोर जमिनीत एक दगडी कासव असते. दर्शनास जाणारा त्यास नमस्कार करून पुढे जातो. ते कासव ‘मी भार वाहतो आहे’ असे सांगत नाही. अंग आत ओढून पडून राहते. बाहेरच्या यजमानाचे वर्तन याहून निराळे नाही. सारी सत्ता त्याची, सारे श्रम त्याचे, आणि मधल्याच्या घरात मधल्याचाच मान राखावयाचा. उलट, मधल्याची सत्ता ही वस्तुतः त्याची नव्हेच; ती दुसऱ्याने सौजन्याने चालू ठेविलेली आहे. आपल्या कचेऱ्यांत, संस्थांत आणि घरांतही, आपण ज्यास आपला अधिकार म्हणतो त्यातील किती भाग या प्रकारचा असतो, याचा प्रत्येकाने मनाशी विचार करावा.

परंतु यजमान चांगलाच असेल हे कशावरून? ‘घर फिरले की घराचे वासे फिरतात’ ही म्हण संगणकासही लागू आहे. २००६ साली योआना रुत्कोव्स्का या पोलंडच्या संशोधिकेने ‘ब्लू पिल’ नावाचा एक प्रयोग करून दाखविला. चालू असलेल्या प्रणालीस, ती बंद न पाडता, नकळत एका आभासी यंत्रात सरकवावयाचे. मग आपण स्वतंत्र आहोत असे समजून ती चालत राहते, आणि तिचे सर्व काही दुसराच पाहत असतो. हा डाव ओळखताच येणार नाही, या दाव्यावर पुढे बराच वाद झाला. ओळखता येईल असे म्हणणारांचा एक मुख्य आधार होता तो काळाच्या मोजमापाचा. मध्ये कोणी बसला असेल तर उत्तरास क्षणमात्र उशीर होणारच. वर जे ध्यानात ठेवावयास सांगितले ते हेच. लबाडीस बाकी सर्व साधते. वेळ मात्र चोरून परत भरता येत नाही. तथापि त्या वादातील बारकावे बाजूस ठेविले, तरी एक गोष्ट उरतेच. आत असलेल्यास बाहेरच्याची परीक्षा घेणे फार कठीण आहे. पाहुणा ज्या डोळ्यांनी तपासणार ते डोळेही यजमानानेच दिलेले आहेत.

दोष नेहमी यजमानाकडेच असतो असेही नव्हे. ‘भटाला दिली ओसरी, भट हळूहळू पाय पसरी’ अशी म्हण आपल्या पूर्वजांनी स्वतःवरच हसत करून ठेविली आहे. २०१५ साली एक भोक सापडले. त्यास ‘व्हेनम’ म्हणजे विष असे नाव पडले. आभासी यंत्रात जुन्या फ्लॉपी चकतीचा नियंत्रकही नक्कल करून ठेविलेला असे. ती चकती कोणी वापरीत नव्हते. पण तिच्या नकलेत २००४ पासून एक चूक राहून गेली होती, आणि तिच्यातून पाहुण्यास यजमानाच्या घरात शिरण्याची वाट मिळू शकत होती. अकरा वर्षे ते दार तसेच होते. अडगळीच्या खोलीचे दार कोणी तपासत नाही, म्हणून चोर तेथूनच येतो. यजमानाचे पहिले कर्तव्य असे की, आपल्या घराची दारे किती आहेत हे त्यास ठाऊक असावे. पोटात पोट असले की हे कर्तव्य दुणावते, कारण प्रत्येक भिंतीबरोबर दारेही वाढतात. म्हणूनच केवळ करता येते म्हणून थरावर थर चढविणे हे शहाणपण नव्हे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, अशी त्याची गत होते.

येथे एक आक्षेप येईल. यजमानाच्या सद्बुद्धीवर विसंबण्यापेक्षा त्याला पाहताच येणार नाही असे कुलूप का करू नये? तसे प्रयत्न झाले आहेत. ए. एम. डी.ने २०१७ पासून आपल्या काही यंत्रांत, आणि पुढे इंटेलनेही, पाहुण्याची स्मृती सांकेतिक रूपात ठेवण्याची सोय केली. तिची किल्ली यजमानाकडे नसते. हे स्तुत्य आहे, आणि ज्याच्या हाती रुग्णांच्या किंवा खातेदारांच्या गोष्टी आहेत त्याने अशा सोयीचा अवश्य विचार करावा. तरीही त्या कुलपाची मर्यादा ओळखली पाहिजे. यजमानास पाहता आले नाही, तरी वीज बंद करता येते, वेळ नाकारता येतो, दार लावून घेता येते. कुलूप गुपित राखते. आसरा राखीत नाही. आसरा राखणे हे शेवटी कोणा मनुष्याच्या शब्दावर अवलंबून आहे. आणि यंत्रास कसला धर्म, असे जो म्हणेल त्यास उत्तर हेच की, यंत्रास धर्म नाही, पण प्रत्येक थराच्या मागे एक मनुष्य बसलेला आहे, आणि त्याला तो आहे.

या साऱ्यात सर्वांत कठीण स्थान मधल्याचे. बाहेरच्यास आपण सर्वसत्ताधीश आहोत हे ठाऊक असते. आतला निदान निरपराध तरी असतो. मधल्यास मात्र दोन मोह असतात. काम नीट झाले की श्रेय आपले म्हणावे, हा एक. आणि बिघडले की बाहेरच्याकडे बोट दाखवावे, हा दुसरा. भेस्तानच्या मागावर काम करणाऱ्यास मजुरी उशिरा मिळाली म्हणजे कारखानदार म्हणू शकतो की व्यापाऱ्याने पैसे दिले नाहीत, आणि व्यापारी म्हणू शकतो की पुढचा गिऱ्हाईक थांबला आहे. कदाचित प्रत्येकाचे म्हणणे खरेही असेल. पण ज्याने हात राबविले त्याचा व्यवहार एकाशीच झालेला आहे. ज्यास तो ओळखीत नाही अशा माणसाच्या दारी त्यास पाठविणे हा न्याय नव्हे. ज्याने आपल्या नावावर आसरा दिला त्याने आपल्याच नावावर जबाब दिला पाहिजे.

आपल्या देशाच्या कायद्यानेही हेच तत्त्व मान्य केले आहे. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा जो कायदा झाला, त्यात माहिती गोळा करणारास ‘फिड्युशिअरी’ म्हणजे विश्वस्त म्हटले आहे. त्याने ते काम दुसऱ्या कोणाकडून करवून घेतले, करारात काहीही लिहून ठेविले, तरी जबाबदारी त्याचीच राहते. देवस्थानांच्या कारभाराशी परिचित असलेल्या वाचकांस ही कल्पना मुळीच परकी वाटणार नाही. हिंदू देवता ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, असे प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली कलकत्त्याच्या मल्लिक घराण्याच्या प्रकरणात स्पष्ट केले. मालमत्तेचा धनी देव. कारभार पाहणारे केवळ वहिवाटदार. खऱ्या धन्याने कधी हिशेब मागितला नाही, म्हणून वहिवाटदार धनी होत नाही. तो देवाकडे पाहता सेवक असतो आणि भक्तांकडे पाहता यजमान. चांगला विश्वस्त आणि वाईट विश्वस्त यांतील भेद एवढाच की, पहिला ही दोन्ही नाती एकाच वेळी ध्यानात ठेवतो. दुसऱ्यास सोयीप्रमाणे एकच आठवते.

शेवटी एका निराशेचा विचार केला पाहिजे. आपल्या जगाबाहेर आणखी जग असू शकते, त्याबाहेर आणखी, आणि आतून काहीच निश्चित कळत नाही, असे असेल तर कर्तव्याची एवढी चिंता का करावी? योगवासिष्ठात लीलाराणीची कथा आहे. पतीच्या निधनानंतर सरस्वतीच्या कृपेने तिला दिसते की, ज्या दालनात त्याचे शव फुलांखाली ठेविले आहे त्याच दालनाच्या अवकाशात तो दुसरा राजा होऊन राज्य करीत आहे. आणि पुढे असेही कळते की, तिचा स्वतःचा सारा राजसंसार एका डोंगरी गावातील ब्राह्मण दांपत्याच्या लहानशा घरात सामावलेला आहे. ही कथा सांगून ‘आमच्याकडे सर्व काही आधीच होते’ अशी बढाई मारणे उचित नाही. ऋषींनी संगणक केला नव्हता, आणि संगणककारांना मोक्ष साधावयाचा नव्हता. कथेतील एक गोष्ट मात्र विचारणीय आहे. हे सर्व कोणास ऐकविले जात आहे? रामास. आणि ऐकून झाल्यावर रामाने काय करावयाचे? वनात निघून जावयाचे नाही. उठून आपले राजकर्तव्य करावयाचे. जगात जग असल्याचे ज्ञान कर्तव्यातून सुटका म्हणून दिलेले नाही; कर्तव्यातील अहंकार गळावा म्हणून दिलेले आहे.

आतल्या थरातील मनुष्याचे दुःख ‘केवळ आतले’ म्हणून खोटे ठरत नाही. पोटभाडेकरूचे छप्पर गळते तेव्हा भिजणारा देह खराच असतो. मुंबईच्या केंद्रातील एका यजमानयंत्राने डोळे मिटले, तर त्याच्या पोटातील आणि त्याच्याही पोटातील यंत्रांवर कोणाची तरी शाळेची परीक्षा, कोणाचे औषध, कोणाचा पगार अडतो. ज्यास बाहेरचा थर दिसत नाही त्याच्या वतीने पाहण्याची जबाबदारी ज्यास दिसतो त्याची. आज आपल्यातील पुष्कळ तरुण या विद्येत काम करीत आहेत. कोणी पुण्यात, कोणी मुंबईत, कोणी समुद्रापलीकडे. त्यांच्या हाती अशा कित्येकांची जगे असतात, ज्यांना त्यांचे नावही ठाऊक नाही आणि पुढेही होणार नाही. त्यांनी आपल्या पाहुण्याचे कपाट उघडू नये, पण त्याचे छप्पर तपासत राहावे. आपल्या यजमानाचा हिशेब चोख ठेवावा. आणि बिघाड झाला तर पहिले उत्तर स्वतः द्यावे. घरी आलेल्या सोयऱ्याच्या बाबतीत आपल्या आज्या-पणज्यांनी याहून निराळे काही शिकविले नव्हते.